पाय बेसवरून सुटला आणि टॅग केलं, यात गैर काय?

प्रश्न: मी १२ वर्षांखालच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची कोच आहे. महिन्याभरापूर्वी समोरच्या संघातल्या एका मुलीने डबल (सेकंड बेसपर्यंत नेणारा फटका) मारला आणि स्लाइड करून ती सेकंड बेसवर सुखरूप पोचली. उठली आणि पँटवरची माती झटकत दोन पावलं बाजूला गेली. आउटफिल्डमधून आलेला बॉल अजून आमच्या शॉर्टस्टॉपकडेच (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फिल्डर) होता. तिने जाऊन टॅग केलं, म्हणजे बॉल धरून तिला स्पर्श केला, आणि अंपायरने आउट दिलं. ती मुलगी रडत डगआउटमध्ये गेली आणि बाहेरून 'ही काय खेळायची पद्धत झाली?' असा ओरडा सुरू झाला. पुढच्या सामन्यात आमच्या थर्ड बेसवरच्या मुलीने आणखी पुढची मजल मारली. ती रनरला म्हणाली, "जरा पाय काढ गं, बेस हललाय, सरळ करते." तिने पाय काढला, हिने टॅग केलं. तीही आउट. आता आमच्या पालकांत दोन तट पडलेत. एक म्हणतात दोन्ही लबाडी, दुसरे म्हणतात दोन्ही हुशारी. शॉर्टस्टॉप मला सारखी विचारते, "मॅडम, मी चुकले का?" तिला काय सांगू? आणि संघासाठी काय ठरवू?

उत्तर: शॉर्टस्टॉपला आजच सांगा की ती चुकलेली नाही. थर्ड बेसवरच्या मुलीशी मात्र शांतपणे बसून बोलावं लागेल. दोन्ही वेळा अंपायरने आउट दिलं, म्हणून पालक दोन्ही गोष्टी एकाच तागडीत टाकतायत. त्या तशा एका तागडीत बसत नाहीत, आणि हेच कुणी बोलून दाखवत नसल्यामुळे वाद मिटत नाहीये.

आधी नियम नीट पाहू, कारण बाहेरून ओरडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा गोंधळ तिथेच होतो. रनर बेसला टेकलेली नाही, बॉल लाइव्ह आहे (म्हणजे खेळ चालू आहे), आणि फिल्डरने बॉल हातात किंवा ग्लोव्हमध्ये घट्ट धरून तिला स्पर्श केला, तर ती आउट. बेसबॉल असो की सॉफ्टबॉल, यात फरक नाही. सेकंड बेसवर पोचलं, टाळ्या पडल्या, प्रेक्षक खाली बसले, पिचर (बॅटरला बॉल टाकणारी) पाठ फिरवून चालू लागली, यातल्या कशानेही बॉल डेड होत नाही. रनरने स्वतः हात वर केला तरीही नाही. खेळाडूने टाइम मागायचा असतो, द्यायचा असतो तो अंपायरने. त्याने हात वर करून 'टाइम' म्हणेपर्यंत खेळ चालूच असतो.

बेस ओलांडून पुढे जाण्याची मुभा आहे ती फक्त फर्स्ट बेसवर. बॅटर-रनर बेसला पाय लावून सरळ पळत पुढे गेली आणि लगेच परत फिरली, तर तिला टॅग करून आउट करता येत नाही. (परत येताना ती डावीकडे वळली की उजवीकडे, याने काही बिघडत नाही. सेकंडकडे जायचा प्रयत्न केला तरच ही मुभा संपते. 'आत वळली म्हणजे आउट' हा समज बऱ्याच मैदानांवर पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे आणि तो चुकीचा आहे.) सेकंड आणि थर्डला अशी कुठलीच सूट नाही. तिथे पाय सुटला म्हणजे सुटला.

आता सॉफ्टबॉलपुरती एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगा. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचाच नसतो. बेसबॉलसारखी लीड घेता, म्हणजे आधीच काही पावलं पुढे सरकून उभं राहता, येत नाही. त्यात पिचरच्या प्लेटभोवती (जिथे पाय ठेवून पिचर बॉल टाकते ती पट्टी) ८ फूट त्रिज्येचं सर्कल असतं. बॉल त्या सर्कलमध्ये पिचरच्या ताब्यात आला आणि बेसवर थांबलेली रनर उगीच खाली उतरली, तर ती टॅगशिवायच आउट होते. म्हणजे तुमच्या शॉर्टस्टॉपने टॅग न करता बॉल सरळ पिचरला दिला असता आणि ती मुलगी त्यानंतर माती झटकत बाजूला झाली असती, तरी निकाल तोच लागला असता. तेव्हा कुणी शॉर्टस्टॉपला दुष्ट म्हटलं नसतं. बेसवर उभं राहणं हे रनरचं कामच आहे, आणि नियम ते काम किती गंभीरपणे घेतो ते यातून दिसतं.

दुसरी बाजूही बघा. त्या क्षणी मैदानावर तुमची शॉर्टस्टॉप काय करत होती? थ्रो घेतला, प्ले संपल्यासारखं वाटत असूनही नजर रनरच्या पायांवर ठेवली, अंपायरने टाइम दिलेला नाही हे लक्षात घेतलं आणि चार पावलं टाकून टॅग केलं. तिने कुणाला हाक मारली नाही, ढकललं नाही, काही भासवलं नाही. ११-१२ वर्षांच्या मुलीचं इतकं अवधान असणं ही चांगल्या शिकवणीची खूण आहे. तिला 'पुन्हा असं करू नकोस' म्हणालात, तर ती एवढंच शिकेल की मैदानावर डोळे उघडे ठेवले तर बोलणी बसतात.

म्हणून टॅगच्या आधी एकच प्रश्न विचारायचा असतो: रनर स्वतःहून बेसवरून उतरली, की आपण तिला उतरवली? स्वतःहून उतरली तर टॅग करा, मन खाऊ देऊ नका. आपण उतरवली असेल, तर कशी उतरवली ते बघावं लागतं.

अंगबळाने उतरवणं हा प्रकार सगळ्यांना चटकन कळतो. १९९१ च्या वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या) दुसऱ्या सामन्यात मिनेसोटा ट्विन्सचा फर्स्ट बेसमन केंट हर्बेक याने अटलांटा ब्रेव्ह्जच्या रॉन गँटला टॅग केलं, तेव्हा गँटचा पाय बेसवरून उचलला गेला होता. अंपायरने गँटच्या स्वतःच्या वेगाला कारण ठरवलं आणि आउट दिलं. इतकी वर्षं झाली तरी तो पाय हर्बेकनेच उचलला होता असं म्हणणारे लोक तितक्याच तावातावाने बोलतात. नियम मात्र साफ आहे: फिल्डरने ढकलून किंवा उचलून रनरला बेसवरून काढलं, असं अंपायरला वाटलं तर रनर सेफ. मुलींना टॅग धरून ठेवायला जरूर शिकवा, कारण स्लाइडच्या जोरात पाय क्षणभर उचलला जातो आणि तेव्हा ती खरीच आउट असते. पण टॅग धरायचं म्हणजे ग्लोव्ह टेकवून ठेवायचा. त्याने रेटायचं नाही.

शब्दांनी उतरवणं हा तुमच्या थर्ड बेसचा प्रकार. तो काही तुमच्या मुलीने शोधलेला नाही. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या मॅट विल्यम्सने डॉजर्सच्या राफाएल बोर्निगालला नेमकं हेच केलं होतं: बेस साफ करायचाय, जरा बाजूला हो. बोर्निगाल बाजूला झाला आणि आउट झाला. ते दोघंही पगारी खेळाडू होते आणि व्यावसायिक बेसबॉलमध्ये लपवलेल्या बॉलची ही चाल (बॉल आपल्याकडेच आहे हे रनरला कळू न देणं) फार जुनी आहे. तुमच्याकडचे 'दोन्ही हुशारी' म्हणणारे पालक उद्या हेच उदाहरण पुढे करतील, म्हणून उत्तर तयार ठेवा.

डावपेच म्हणून फसवणं खेळात आहेच. पिचरने पिकऑफचा (बेसवरच्या रनरला पकडण्यासाठीचा) हूल देणारा थ्रो दाखवणं, आउटफिल्डरने बॉल हातात येणारच आहे असा आव आणून रनरला थोपवणं, बॉल ग्लोव्हमध्ये ठेवून गुपचूप उभं राहणं. १९८२ च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये मायामीच्या संघाने विचिटा स्टेटच्या फिल स्टीव्हन्सनला असंच चकवलं होतं. पिचरने फर्स्टकडे थ्रो केल्याचं नाटक केलं, बॉल निसटून मागे गेल्यासारखे फिल्डर धावले, स्टीव्हन्सन सेकंडकडे सुटला आणि आउट झाला. बॉल सगळा वेळ पिचरकडेच होता. यात स्टीव्हन्सनला खेळातल्या हालचालींनी फसवलं. बॉल कुठे आहे हे ओळखणं हे रनरचंच काम, आणि त्या कामातच त्याची परीक्षा झाली.

"बेस हललाय, पाय काढ" हे वाक्य मात्र खेळाबाहेरचं आहे. मैदानावर काही वाक्यं अशी असतात की ती दोन्ही संघांनी खरीच मानली पाहिजेत. बेस सुटलाय. तुला लागलंय का? थांब, तुझी लेस सुटलीये. टाइम. बेस खरोखर सैल होतात. खिळा नीट बसला नसेल तर जोरात आलेल्या पायाखालून बेस सरकतो आणि घोटा मुरगळतो. उद्या तुमची मुलगी खराच सैल बेस बघून ओरडली आणि रनरने 'ही थाप मारतेय' असं म्हणून ऐकलंच नाही, तर इजा कुणाला होईल? १२ वर्षांखालच्या मुली परक्या संघातल्या मुलीवर विश्वास ठेवून पाय काढतात, हे चांगलंच आहे. तो विश्वास एका आउटसाठी खर्च करण्याइतका स्वस्त नाही. माझ्या मते हे टॅग घेऊ नये, आणि घेतलं गेलं तर कोचने तिथल्या तिथे खेळाडूला बाजूला घेऊन सांगावं.

नियमही सगळीकडे या चालीच्या बाजूने उभा नाही. अमेरिकेतल्या हायस्कूल बेसबॉलच्या नियमांत अडथळा शब्दांनीही होऊ शकतो असं स्पष्ट आहे, आणि बॉल हातात नसताना टॅग केल्याचं सोंग करणं हाही अडथळाच धरला जातो. असं सोंग तुमच्या संघात कधीच चालू देऊ नका, डाव कितीही चुरशीचा असला तरी. कारण सोपं आहे: रनर उभ्याने येत असते, ऐनवेळी तिला टॅग येताना दिसतं, ती उशिरा, वेडीवाकडी स्लाइड मारते आणि पाय अडकतो. तुमच्या स्पर्धेच्या नियमपुस्तकात या दोन गोष्टींबद्दल काय लिहिलंय ते एकदा स्वतः वाचा. अंपायरांच्या बैठकीत विचारून घेतलंत तर आणखी उत्तम.

लपवलेल्या बॉलबद्दल आणखी एक, कारण पहिल्या यशानंतर मुली ते करून बघणारच. यात पिचरची चूक सगळ्यात महाग पडते. बेसबॉलमध्ये बेसवर रनर असताना पिचर बॉलशिवाय आपल्या प्लेटवर किंवा तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा राहिला तर बॉक (पिचरची नियमबाह्य हालचाल), आणि सगळे रनर एकेक बेस पुढे. हायस्कूलच्या नियमांत तर प्लेटपासून साधारण ५ फुटांच्या आत बॉलशिवाय गेलं तरी बॉक. सॉफ्टबॉलमध्येही बॉल नसताना प्लेटवर पिचिंगचा पवित्रा घेता येत नाही. शिवाय बॉल सर्कलमध्ये नाही म्हटल्यावर बाकीच्या रनर मोकळ्या असतात. शॉर्टस्टॉप सेकंडवरच्या मुलीची वाट बघत उभी राहिली आणि थर्डवरची होमकडे सुटली, हे या वयोगटात सर्रास घडतं. म्हणून मुद्दाम सापळा लावून उभं राहायला शिकवूच नका. रनर समोर उतरलेली दिसली तर टॅग, नाहीतर बॉल लगेच पिचरकडे. तीन-चार सेकंदांच्या वर तिथे रेंगाळायचं नाही.

टॅग कसं करायचं तेही नीट शिकवा, कारण वाद बऱ्याचदा टॅग केलं यापेक्षा ज्या पद्धतीने केलं त्यावरून पेटतो. बॉल ग्लोव्हच्या आत खोल, दुसऱ्या हाताची बोटं वरून बॉलवर दाबलेली. ग्लोव्हची पाठ रनरकडे. टेकवायचं पोटरीवर, मांडीवर किंवा दंडावर. हेल्मेट आणि चेहरा वर्ज्य. थापट मारायची नाही, टेकवून अर्धा सेकंद ठेवायचं. मुलींची नेहमीची चूक अशी की बॉल उजव्या हातात आणि टॅग रिकाम्या डाव्या ग्लोव्हने. तो टॅग होतच नाही. ग्लोव्हच्या लोंबणाऱ्या लेसचा नुसता स्पर्शही व्यावसायिक बेसबॉलच्या नियमात टॅग धरत नाहीत.

टॅगच्या आधी एक नजर अंपायरकडे. या वयाच्या सामन्यांना पुष्कळदा दोनच अंपायर असतात, कधी एकच. प्लेटमागचा अंपायर होम प्लेट झाडायला वाकला असेल किंवा बदलाची नोंद करत असेल, तर त्याने टाइम दिलेला असण्याची शक्यता जास्त, आणि नसला दिला तरी तो बघत नाहीये. बघत नसलेल्या अंपायरसमोर टॅग करून मग आरडाओरडा करण्यात अर्थ नाही. आउट मिळालं नाही तर बॉल पिचरला द्यायचा आणि आपल्या जागेवर जायचं. मिळालं तर बॉल वर करून दाखवायचा. उड्या नाहीत, रनरकडे बघून हसणं नाही. डगआउटमधल्या मुलींनाही हे आधीच सांगून ठेवा, कारण समोरच्या मुलीला रडू येतं ते टॅगने कमी आणि डगआउटमधून आलेल्या हशाने जास्त.

टॅग करू नये अशाही वेळा आहेत, नियम परवानगी देत असला तरी. रनर बेसवर पोचली आणि मग पाय धरून कळवळत लोळत बाजूला झाली, तर बॉल वर करा आणि अंपायरला हाक मारा. धावतं प्ले चालू असताना कुणी लंगडलं तर गोष्ट वेगळी. तिथे हलकं टॅग करून प्ले संपवणंच बरं, म्हणजे मदत लवकर पोचते. २६ एप्रिल २००८ चा वेस्टर्न ऑरेगन आणि सेंट्रल वॉशिंग्टन यांच्यातला कॉलेज सॉफ्टबॉल सामना मुलींना जरूर सांगा. सारा तुचोल्स्कीने होमरन मारला, फर्स्ट बेसला पाय लावायचा राहिला म्हणून ती मागे वळली आणि तिचा गुडघा गेला. तिच्या संघाने तिला हात लावला तर ती आउट होईल, असं मैदानावर सांगितलं गेलं. तेव्हा समोरच्या संघातल्या मॅलरी होल्टमन आणि लिझ वॉलेस या दोघींनी तिला उचललं आणि प्रत्येक बेसवर तिचा चांगला पाय टेकवत होमपर्यंत नेलं. सामना सेंट्रल वॉशिंग्टन ४-२ ने हरलं. माती झटकणारी मुलगी आणि गुडघा गेलेली मुलगी यांच्यात काय फरक आहे, हे तुमच्या मुलींना ही गोष्ट ऐकल्यावर वेगळं समजवावं लागणार नाही.

अगदी लहान मुलं, म्हणजे ८-१० वर्षांची, नुकती खेळ शिकणारी, त्यांच्या सामन्यात फिल्डरने "बेसवर ये" म्हणावं हेच बरं; त्या वयात दोन्ही संघ एकाच वर्गात शिकत असतात. धावसंख्या फार एकतर्फी झाली असेल तरी सोडून द्या. तुमचा वयोगट यातल्या कशात बसत नाही. गुण मोजणारी स्पर्धा, १२ वर्षांपर्यंतच्या मुली, अटीतटीचा सामना. तिथे सूट देणं म्हणजे समोरच्या मुलीला 'तू अजून लहान आहेस' असं सांगण्यासारखं आहे.

आता जे सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे ते: तुमच्या स्वतःच्या रनर. उद्या हीच वेळ त्यांच्यावर येणार आहे. पाय कुठे सुटतो याची ठिकाणं ठरलेली आहेत. स्लाइडनंतर उठताना, हे तुम्ही पाहिलंच. मग वॉकच्या (चार चुकीच्या बॉलमुळे बॅटरला मिळणाऱ्या फर्स्ट बेसच्या) वेळी: फर्स्ट रिकामा असताना बॅटरला वॉक मिळतो आणि सेकंडवरची रनर 'आपणही पुढे' म्हणून आरामात थर्डकडे चालू लागते. मागून कुणी येत नसल्याने तिला पुढे जायची सक्ती नसते, बॉल लाइव्ह असतो, ती फुकट आउट. मग इनफिल्ड फ्लाय (इनफिल्डमध्ये सहज झेलता येईल असा उंच फटका): अंपायर हाक देतो, बॅटर आउट असते, पण रनरना वाटतं की बॉल पडला म्हणजे पळायलाच हवं. पळायची सक्ती त्या हाकेबरोबरच संपलेली असते. फाउलचंही (रेषेबाहेर गेलेल्या फटक्याचंही) तसंच. फाउल जमिनीवर पडला तर बॉल डेड, पण फाउल हवेत झेलला तर बॉल लाइव्ह आणि रनर परत बेसवर असावी लागते. 'फाउल' एवढंच ऐकून निवांत चालणाऱ्या मुली तिथे सापडतात. आणि एका बेसवर दोन रनर आल्या की दोघी गोंधळून दोन्ही बाजूंना चालू लागतात. तिथे सक्ती नसेल तर बेस पुढच्या रनरचा, टॅग झाल्यावर आउट मागून आलेली. कुठली आउट ते अंपायर बोटाने दाखवेपर्यंत दोघींनीही बेस सोडायचा नाही. तुमच्या फिल्डरना मात्र सांगा, अशा वेळी दोघींना टॅग करा आणि निवाडा अंपायरवर सोडा.

सगळ्यावर एकच सवय: आधी पाय, मग डोळे, मग तोंड, मग हात. बेसला पाय टेकलेला. बॉल कुणाकडे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. "टाइम, प्लीज" अंपायरकडे बघून म्हटलेलं आणि त्याचे हात वर गेलेले दिसलेले. आणि मगच माती झटकणं, हेल्मेट सरळ करणं, लेस बांधणं. माती तर बेसवर उभं राहूनही झटकता येते. बेस कोचने प्रत्येक प्लेनंतर मोठ्याने सांगायचं: "बॉल शॉर्टकडे, दोन आउट, पाय बेसवर." रनरला हात धरून मात्र मागे ओढायचं नाही, कोचने रनरला धरून मदत केली तर रनर आउट.

याचा सराव अवघ्या १० मिनिटांत होतो. तिन्ही बेसवर एकेक रनर. फिल्डर आपल्या जागांवर. रनरनी डोळे मिटायचे, पाय बेसवर. तेवढ्या वेळात फिल्डर बॉल एकमेकींना देतात, पाहिजे तर ग्लोव्हमध्ये दाबतात. ५ सेकंदांनी तुम्ही शिट्टी वाजवायची. रनरनी डोळे उघडून बॉल शोधायचा, बोट दाखवायचं, टाइम मागायचा आणि तुमचे हात वर गेल्यावरच पाय उचलायचा. आधी उचलला तर जवळची फिल्डर हलकेच टॅग करते. अशा ८ फेऱ्या, मग रनर आणि फिल्डर बदला. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून तुम्हाला दिसेल की डोळे उघडताच मुलींचं डोकं आपोआप फिरतंय, आधी पिचरकडे, मग इनफिल्डवर.

पालकांच्या बैठकीत १९०८ सालची एक गोष्ट सांगा. २३ सप्टेंबरला न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज यांचा सामना १-१ वर, नववा डाव, दोन आउट. अल ब्रिडवेलने हिट मारला, थर्डवरचा रनर होमला आला, लोक मैदानात घुसले. फर्स्टवर होता १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. त्याने सेकंडला पाय न लावताच क्लबहाउसची वाट धरली. त्या काळी सगळेच असं करत. कब्जच्या जॉनी एव्हर्सने बॉल मागवून सेकंडला पाय लावला आणि अंपायर हँक ओडेने मर्कलला फोर्स आउट दिलं (मागून बॅटर येत असल्याने त्याला सेकंडला जाणं सक्तीचं होतं, तिथे टॅग लागत नाही). धाव रद्द, सामना बरोबरीत. ८ ऑक्टोबरला तो पुन्हा खेळवला गेला आणि कब्ज ४-२ ने जिंकले. एव्हर्सला ही गोष्ट अचानक सुचलेली नव्हती. त्याच महिन्यात ४ तारखेला पिट्सबर्गविरुद्ध त्याने हीच मागणी केली होती, अंपायरही ओडेच होता, पण तेव्हा ती मान्य झाली नव्हती. एव्हर्सने नियम पाठ केला होता आणि नजर ठेवली होती, त्यात गैर काहीच नाही. गैर झालं ते नंतर: मर्कलला लोकांनी आयुष्यभर 'बोनहेड' (मठ्ठ) म्हणून हिणवलं. एका पोराच्या एका चुकीवर सगळ्या हंगामाचं खापर फोडलं. तुमच्या मैदानावरही खिलाडूवृत्ती तिथेच मोजली जाईल. टॅग झालेल्या मुलीच्या पाठीवर तिच्याच कोचने हात ठेवला का, तुमच्या मुली सामन्यानंतर हात मिळवताना तिला नीट भेटल्या का, बाहेरचे मोठे लोक तिच्यासमोर भांडत बसले का.

समोरच्या कोचला फोन करा. सेकंडवरच्या टॅगबद्दल माफी मागू नका, कारण तसं केलंत तर शॉर्टस्टॉपलाच गुन्हेगार ठरवल्यासारखं होईल. थर्डवरच्या प्रकाराबद्दल मात्र त्या दुसऱ्या संघाच्या कोचची साध्या शब्दांत माफी मागा आणि आमच्याकडे हे पुन्हा होणार नाही असं सांगा.

थर्ड बेसवरच्या मुलीला सगळ्यांसमोर बोलू नका. असं बोलून रनरला उतरवायचं नसतं हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मैत्रिणीने टॅग केलं, वाहवा झाली, आपणही करून दाखवू, एवढंच तिच्या मनात होतं. पुढच्या सरावाला तिचा बेस मुद्दाम सैल ठेवा आणि तिच्याकडे बॉल द्या. तो हललेला दिसला की तिने बॉल डोक्यावर धरायचा, अंपायरकडे वळून "टाइम, बेस सुटलाय" म्हणायचं, त्याचे हात वर जाईपर्यंत थांबायचं आणि मगच रनरला म्हणायचं, "आता पाय काढ." बेस दाबून बसवायचा, पायाने हलवून बघायचा, रनर परत त्यावर उभी राहिली की बॉल पिचरला द्यायचा.